ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट प्रकाशकांना बिनघोर छापता यावेत, यासाठी आम्ही काय करावं?

तुम्ही खानापूरचे तिघे मित्र मिळून ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर करताय, कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, आणि तरीही बेळगावच्या एका मासिकाने ‘स्क्रीनशॉटची लेखी परवानगी द्या’ म्हणून अडवलंय. कोड खुला असताना परवानगी कशाला, आणि छापल्याबद्दल काही मागता येतं का, हे तुमचे दोन प्रश्न. मी शहापुरात पुस्तकांची मांडणी करतो, मराठी आणि कन्नड दोन्ही. म्हणजे अशी चित्रं ज्याच्या टेबलावर येऊन अडकतात, त्यातलाच मी एक.

संपादकाचं काही चुकलेलं नाही. जीपीएल हा कोडसाठी लिहिलेला परवाना आहे. त्यातली ‘बदल करून वाटलंत तर याच अटींवर वाटा’ ही अट वाचली की प्रकाशकाच्या पोटात गोळा येतो, उद्या आपलं अख्खं पुस्तकच फुकट द्यावं लागणार की काय? तसं काही होत नाही. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंच म्हणणं आहे की प्रोग्रॅमच्या आउटपुटला, म्हणजे तो चालवून जे बाहेर येतं त्याला, सहसा प्रोग्रॅमचा परवाना लागू होत नाही. मात्र प्रोग्रॅम स्वतःचा मजकूर किंवा चित्रं त्यात उतरवत असेल तर लागू होऊ शकतो. घोडं अडतं ते इथेच, कारण स्क्रीनशॉटमध्ये तुमची बटणं, आयकॉन सगळं उतरतंच. डेबियन या लिनक्सवर चालणाऱ्या मुक्त संगणक प्रणालीच्या स्क्रीनशॉट संग्रहाने यावर सरळ तोडगा काढलाय: ज्या सॉफ्टवेअरचं चित्र, त्याच सॉफ्टवेअरचा परवाना. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावरही मुक्त सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट त्या-त्या परवान्यानिशी चालतात. पण अंक प्रेसला जायच्या आदल्या रात्री संपादकाने हे सगळं वाचत बसावं, ही अपेक्षा तुम्ही तरी करू नका. तो दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरचं चित्र टाकून मोकळा होतो.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली परीक्षणासाठी थोडी मोकळीक आहे, हे खरं. पण ‘संगणक शिका’ छापाचं पुस्तक म्हणजे परीक्षण नव्हे, आणि त्याच कायद्यातलं कलम ३० परवाना लेखी असावा असं सांगतं. फोनवरचं ‘छापा हो, आमची काही हरकत नाही’ प्रकाशकाच्या फाइलला लावता येत नाही.

तेव्हा कोडला जीपीएल राहू द्या आणि चित्रांना वेगळा परवाना द्या. माझं मत सीसी बाय ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याच्या बाजूने. नाव द्या आणि वापरा, एवढीच मुख्य अट असल्याने प्रकाशकाला ती एका दमात कळते. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक पुस्तिकांना जीपीएल आणि सीसी बाय असे दोन्ही परवाने दिलेत, ज्याला जो सोयीचा तो त्याने घ्यावा. तुम्हीही तसं करू शकता. ‘व्यापारी वापर नको’ ही अट मात्र चुकूनही घालू नका. ऐकायला ती फार सोज्वळ वाटते, पण शाळेसाठी काढलेली ऐंशी रुपयांची पुस्तिकाही विकलीच जाते ना? मग ते चित्र प्रकाशकासाठी बाद. कॉमन्सवरही असं चित्र घेत नाहीत. ‘बदल नको’ ही अटही तितकीच नडते. आम्हाला कडा कापाव्या लागतात, बाण काढावे लागतात, आकडे टाकावे लागतात. आणि हा परवाना एकट्याने देऊ नका. कोड तिघांचा असेल तर तिघांची संमती घ्या, आयकॉन बाहेरचे असतील तर त्यांचा परवाना तपासून चित्रांशेजारी तसं लिहा.

परवाना झाला तरी चित्रात आणखी काय काय येतं ते बघा. मागे एका सॉफ्टवेअरची सभासद यादी माझ्याकडे छापायला आली. त्यात खऱ्या माणसांची नावं, खरे मोबाइल नंबर, आणि खालच्या कोपऱ्यात तरंगणारा ‘येताना कोथिंबीर आण’ हा मेसेज. कोथिंबीर कापता आली, नंबर झाकायला काळे पट्टे मारावे लागले आणि पान अगदी पोलीस तपासाच्या कागदासारखं दिसायला लागलं. म्हणून नमुन्याची माहिती वेगळी तयार करा. नावं कल्पित, नंबर सगळी शून्यं. तुमचं तर ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, तेव्हा यादीत पुस्तकांची मुखपृष्ठं दिसत असणार. ती त्या-त्या प्रकाशकांची आणि चित्रकारांची असतात, तुमच्या परवान्यात बसत नाहीत. त्यांच्या जागी साधी रंगीत कोरी मुखपृष्ठं टाका. मजकूर दाखवायचाच तर संतांचे अभंग घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा आपल्याकडचा हिशोब तिथे कधीच संपलाय. विंडोजची चौकट आणि टास्कबार टाळा, मायक्रोसॉफ्ट पुस्तकांत स्क्रीनची चित्रं छापू देतं पण स्वतःच्या अटींवर. लिनक्सवर काढलेलं चित्र बरं. आणि नमुन्याच्या पत्त्यात गावाचं नाव घालूच नका. बेळगाव की बेळगावी यावर आपल्याकडे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता छपाई. ती ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) धरतात, म्हणजे १३६६ पिक्सेल रुंदीचं चित्र कागदावर जेमतेम साडेचार इंच भरतं. डेमी आकाराच्या पुस्तकाला ते पुरतं, मासिकाच्या सात इंच रुंदीला २१०० पिक्सेल हवेत. मोठा मॉनिटर असेल तर डिस्प्लेचं स्केल २०० टक्के करून चित्र घ्या, अक्षरं कोरल्यासारखी येतात. लहान चित्र नंतर ताणून काही उपयोग नाही. स्क्रीनवरच्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी अँटी-एलियासिंगची सेटिंग सबपिक्सेलवरून (रंगीत) ग्रेस्केलवर (करडी) आणा. नाहीतर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झाक राहते आणि एकरंगी छपाईत त्या कडा फुगतात. डार्क थीम तर नकोच. आमचा मशीनवाला शीट धरून म्हणतो, ‘सर, ह्यात निस्तं काळंच यायलंय.’ फाइल पीएनजी ठेवा, आणि ती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लिंक द्या.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. इथे एकच पुस्तक बऱ्याचदा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांसाठी निघतं. तेव्हा प्रत्येक स्क्रीनचं चित्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी इंटरफेसमध्ये घ्या. खिडकीचा आकार तोच, यादीतल्या ओळी त्याच. मग मांडणी न हलवता मला नुसतं चित्र बदलता येतं. चित्रावर बाण किंवा मजकूर काढून देऊ नका, ते काम त्या-त्या भाषेतला मांडणीवाला करेल. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असू द्या आणि जुनी चित्रं पुसू नका. पुस्तकाची दुसरी छपाई निघते तेव्हा तीच हवी असतात.

हे सगळं प्रकल्पाच्या संकेतस्थळावर एका पानावर ठेवा, वर परवाना, खाली चित्रं. शक्य तर कॉमन्सवरही चढवा. श्रेयाची ओळही तयार द्या: ‘चित्र: अमुक प्रकल्प, सीसी बाय ४.०’. आम्ही ती जशीच्या तशी उचलतो. तुम्ही दिली नाहीत तर ‘सौजन्य: इंटरनेट’ छापून येतं.

राहिला मोबदल्याचा प्रश्न. सीसी बाय दिल्यावर पैशांची किंवा प्रतीची अट घालता येत नाही. विनंती मात्र करता येते. पानाच्या तळाशी ‘छापलंत तर एक प्रत पाठवा’ असं लिहून पोस्टाचा पत्ता द्या. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे म्हटल्यावर बरेच प्रकाशक पाठवतील, त्यांनाही त्यांची पुस्तकं यादीत हवीच असतात.