स्मिथफील्ड फूड्स ही कौटुंबिक कंपनी डुकराच्या मांसाच्या व्यवसायात एवढी मोठी कशी झाली?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील स्मिथफील्ड गावच्या प्रसिद्ध हॅममुळे (खारवून मुरवलेल्या डुकराच्या मांडीमुळे) ही कंपनी मोठी झाली का, असा प्रश्न अनेकदा पडतो. माझ्या मते हॅमने तिला नाव दिले, आकार दिला नाही. या हॅमची कीर्ती कंपनीहून जुनी आहे. शेंगदाण्याच्या पट्ट्यात शेंगांवर पोसलेल्या डुकराची मांडी स्मिथफील्ड गावातच खारवून मुरवली असेल तरच तिला ते नाव लावता येईल, असा कायदा व्हर्जिनिया राज्याने १९२६ मध्येच केला होता. (शेंगांची अट पुढे काढून टाकली गेली.)

जोसेफ लुटर आणि त्यांच्या मुलाने १९३६ मध्ये तेथे कारखाना काढला. नातू जोसेफ लुटर तिसरे यांनी १९६९ मध्ये तो विकला, परंतु नव्या मालकांच्या हाती कंपनी डबघाईला आल्यावर १९७५ मध्ये त्यांनाच परत बोलावण्यात आले. त्यांनी आधी खर्चाला कात्री लावली आणि मग एकेक प्रतिस्पर्धी विकत घेतला: १९८१ मध्ये त्याच गावातील ग्वाल्टनी, १९८४ मध्ये पॅट्रिक कडाही, १९९५ मध्ये जॉन मॉरेल.

खरा बदल मात्र डुकरांच्या मालकीत झाला. पूर्वी मांस कंपन्या बाजारातून जनावरे घेत. भाव रोज हलत आणि प्रत्येक डुकराचे वजन व चरबी वेगळी असे. लुटर यांनी कोंबड्यांच्या धंद्यातील कंत्राटी पद्धत उचलली, जी आपल्याकडील ब्रॉयलर पाळणाऱ्यांना चांगली परिचित आहे: पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची, शेड, त्यावरचे कर्ज आणि मेहनत शेतकऱ्याची. कमी चरबीची एकसारखी डुकरे अशी हाताशी आल्यामुळेच १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील टार हील येथे उघडलेला, पुढे दिवसाला सुमारे ३२ हजार डुकरे कापणारा कारखाना चालू शकला. २००० मध्ये मर्फी फार्म्स ही वराहपालन कंपनी घेतल्यावर स्मिथफील्ड जगातील सर्वांत मोठी वराहपालक कंपनीही झाली. २०१३ मध्ये चीनच्या श्वांगह्वे समूहाने ती सुमारे ४.७ अब्ज डॉलरला घेतली, कर्ज वेगळे.

या वाढीची किंमत पाण्याने आणि शेजाऱ्यांनी मोजली, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. स्मिथफील्ड गावाजवळच्या पेगन नदीत सांडपाणी सोडल्याबद्दल १९९७ मध्ये कंपनीला १ कोटी २६ लाख डॉलर दंड झाला. कंत्राटात डुक्कर कंपनीचे असले तरी मलमूत्राची जबाबदारी शेतकऱ्याच्या माथी राहिली. ते उघड्या तळ्यांत साठवून शेतांवर फवारले जाई. या दुर्गंधीविरुद्ध नॉर्थ कॅरोलिनातील शेजाऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, दावे लावले. २०१८ मध्ये ज्यूरींनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने कंपनीची जबाबदारी कायम ठेवल्यावर तिने तडजोड केली.