विमानाच्या मॉडेलवर आलेला पांढुरकेपणा कसा घालवावा?

भर पावसाळ्यात १/७२ प्रमाणातील मिग-२१ पूर्ण करताना कॅनॉपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) आतून धुरकट झाली, तिरंगी वर्तुळांच्या डीकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राखाली) चंदेरी डाग आले आणि स्प्रेने मारलेले वार्निशही पांढरे पडले, तर सगळा रंग काढून नव्याने सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तशी गरज नाही. तिन्ही ठिकाणच्या पांढुरकेपणाची कारणे वेगवेगळी आहेत, आणि एकच थिनर घेऊन सगळीकडे घासत सुटल्यास आज शाबूत असलेला रंगही हातचा जाईल.

कॅनॉपीचे दुखणे सुपरग्लूमुळे आहे. त्यातील सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ बंदिस्त कॉकपिटमध्ये कोंडते आणि बाष्पाच्या संपर्काने घट्ट होऊन पारदर्शक भागावर पांढरी पुटी (पातळ थर) धरते. बोटांचे ठसे उमटलेले असतील तिथे ती अधिक ठळक दिसते. (गुन्ह्याच्या तपासात ठसे उठवण्यासाठी हीच वाफ मुद्दाम वापरतात.) ही पुटी काढायला नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच वापरू नये, कारण त्यातील अ‍ॅसिटोन गोंदाबरोबर पॉलिस्टायरिनही, म्हणजे मॉडेलचे प्लास्टिकही, विरघळवते आणि कॅनॉपी कायमची वाया जाते. त्याऐवजी मॉडेल काही तास फ्रीझरमध्ये ठेवावे. थंडीने हा गोंद ठिसूळ होतो आणि पातळ पात्याच्या टोकाने कडेकडेने उचलल्यास कॅनॉपी बहुधा अखंड सुटते. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा, त्यानंतर टूथपेस्टने घासावे आणि शेवटी पारदर्शक ग्लॉस अ‍ॅक्रिलिकचा एक हात द्यावा. उरलेले बारीक ओरखडे त्या थराखाली जवळजवळ दिसेनासे होतात.

डीकलखालचे चंदेरी डाग म्हणजे खडबडीत मॅट रंगावर अडकलेली हवा. सुईच्या टोकाने तिथे बारीक छिद्रे पाडून डीकल मऊ करणारे द्रावण ब्रशने सोडावे आणि वाळल्यावर पुन्हा सोडावे. मात्र वरून वार्निश बसलेले असल्याने सगळेच डाग जातील अशी अपेक्षा ठेवू नये. पुढच्या वेळी डीकलपूर्वी ग्लॉसचा थर देणे हाच खरा उपाय.

वार्निश पांढरे पडते, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या थरावर जमते. वार्निश लॅकर जातीचे असेल, तर कोरड्या दिवशी त्याच जातीच्या रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी विरळ फवारा मारावा. थर पुन्हा मऊ होऊन अडकलेले पाणी निघून जाते. मॅट वार्निश नीट न हलवता मारले असेल, तर दोष त्यातल्या मॅट करणाऱ्या पुडीचा असू शकतो आणि तेव्हा वरून ग्लॉसचा एक थर पुरेसा होतो. कोणताही उपाय आधी विमानाच्या पोटाशी करून पाहावा. आपले मॉडेल नाशिकजवळच्या ओझरला बांधलेल्या मिग-२१ एफएलसारखे उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाचे असेल, तर जास्तच जपावे, कारण चंदेरी रंगावर जराशी पुटीही लगेच नजरेत भरते.

हे सगळे पूर्ण वाळल्यानंतरच कॅनॉपी पांढऱ्या फेव्हिकॉलने परत बसवावी. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, त्याची वाफ धरत नाही आणि कडेला सांडलाच तर ओल्या कापसाने पुसता येतो.