परसबागेतला लव्हाळा खुरपून का जात नाही?

प्रश्न (मोहोळ तालुक्यातील एक ताई): घरामागे गुंठाभर जागेत वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर करते. दर आठवड्याला खुरपते, तरी लव्हाळा पुन्हा उभा. उसाचं तणनाशक उरलंय, ते मारू का?

उत्तर: ताई, तो डबा आधी बंद करून ठेवा. उसात वापरतात ते टू-फोर-डी वांगी, मिरची, टोमॅटोला सोसत नाही. शेजारच्या रानातून वाऱ्यानं फवारा उडून आला तरी शेंड्याची पानं पिळवटतात. ॲट्राझिन हे उसातलं दुसरं तणनाशक, ते जमिनीत बराच काळ राहतं आणि पुढच्या मेथीला भोवतं. उसाचा फवारणी पंपही परसबागेत आणू नका, टाकी धुतली तरी अंश राहतो.

आता लव्हाळा. खुरप्याच्या टोकानं एक रोप सावकाश उकरून बघा. पात्याखाली बारीक धागा, धाग्याला काळपट गाठ, तिथून पुन्हा धागा आणि पुढची गाठ, अशी माळच निघेल. हिसका दिला की धागा तुटतो, गाठ खाली राहते आणि आठवड्यात नवं पातं वर येतं. तुमचं खुरपणं वाया जात नाही, फक्त त्यात खंड पडता कामा नये. पातं चार-पाच पानांचं व्हायच्या आत काढत राहिलात, तर गाठीतला साठा संपत जातो. एका हंगामात फरक दिसेल, पण सगळा जाईल असं मी म्हणणार नाही.

खरं औषध आपल्याकडे फुकट आहे, सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये वाफा रिकामा करा, पाणी तोडा, टिकावानं वीतभर खणून ढेकळं उलटी टाका. वर आलेल्या गाठी वेचा, उरलेल्या वाळून मरतात. प्लॅस्टिकच्या कागदावर मात्र भरवसा नको, लव्हाळ्याचा कोंब तो भोसकून वर येतो.

बियांवर उगवणाऱ्या तणांना वेगळी युक्ती. मृगाचा पाऊस झाला की लगेच पेरू नका. दहा-बारा दिवस तण उगवू द्या, वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती भुसभुशीत ओलसर झाली, की वरवर खरवडा आणि मगच मेथी पेरा. खोल खणलंत तर खालचं बी वर येतं आणि पुन्हा तेच.

वांगी-मिरचीच्या ओळींत उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं लांब. कडबा जनावरांनाच राहू द्या! शेणखत पुरतं कुजलेलंच घाला. माझ्याच क्वार्टरच्या बागेत मी एकदा घाईत कच्चं लेंडीखत टाकलं. भाजीआधी वेड्या बाभळीची रोपं उगवली. सल्ला देणाऱ्याच्या दारात ती पाहून शेजारी बरेच दिवस हसत होते.

गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. हराळी बांधावरून आत सरकते, म्हणून वाफ्याभोवती वीतभर चर ठेवा.

चिघळ हे जमिनीवर पसरणारं मांसल पानांचं तण. ती उपटून वाफ्यातच टाकलीत तर ओल मिळताच पुन्हा मुळं धरते. ती घरात न्या, डाळ घालून भाजी करा. तणनाशक मारलेल्या रानातली मात्र नको.