संस्थेच्या लोगोचा रंग सगळीकडे एकसारखा कसा ठेवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: दादरमधली सामाजिक संस्था, लोगो केशरी आणि निळा. वेबसाइटवर तो ठसठशीत दिसतो, लेटरहेडवर केशरी विटकरी होतो, फ्लेक्सवर लालसर, आणि निळ्याचा तर जांभळाच होऊन येतो. चूक डिझायनरची की प्रेसची, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक वेळा दोघांचीही नसते. मी लोअर परळला एका स्टुडिओत प्रॉडक्शन बघतो, म्हणजे डिझाइन पास झाल्यानंतरची सगळी धावपळ माझ्याकडे. हे भांडण महिन्यातून एकदा तरी कानावर येतंच. स्क्रीन रंग प्रकाशाने दाखवते आणि छपाई शाईने. झगझगीत केशरी, पोपटी, एकदम चमकदार निळा हे रंग सायन (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), यलो, ब्लॅक या चार शायांमधून निघतच नाहीत. त्यामुळे सगळीकडे हुबेहूब तोच रंग हा हट्ट आधी सोडा. बघणाऱ्याला रंग ओळखीचा वाटला की काम झालं. निळ्याचं जांभळं होतं ते मात्र टाळता येतं. त्यात सायन आणि मजेंटा फार जवळजवळ आलेले असतात. मजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगा.

आता मुख्य काम. हातात धरता येईल असा एक नमुना ठरवा आणि तो कपाटात, उन्हापासून लांब ठेवा. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्यायला जाताना बायका साडीच सोबत नेतात, आणि दुकानदारही तागा घेऊन दारात उजेडाला येतो. तुम्हालाही तेच करायचंय. नमुना म्हणून पँटोन या रंगवाल्या कंपनीच्या शेडकार्डातला एक नंबर धरा. त्या पुस्तकाची किंमत ऐकून दचकाल. विकत घेऊ नका, बऱ्या प्रेसमध्ये ते असतं, तिथे बसून निवडा. नंबरामागे सी किंवा यू असतं, सी म्हणजे कोटेड, म्हणजे आर्ट पेपरसारखा गुळगुळीत लेप दिलेला कागद, यू म्हणजे अनकोटेड, बिनलेपाचा. तुमचं लेटरहेड मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनलेपाच्या कागदावर असणार. तो कागद शाई पितो, म्हणून तीच शाई आर्ट पेपरवर झळकते आणि इथे मातकट दिसते. दोन्हींचे नंबर वेगवेगळे निवडलेत तरी चालेल, डोळ्यांना जवळचे वाटले म्हणजे झालं.

पँटोन नंबराशेजारी लॅबचे आकडेही लिहून ठेवा, म्हणजे रंग डोळ्याला कसा दिसतो ते सांगणारे तीन आकडे. लॅब कुठल्याही मशीनवर किंवा सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्यांतल्या पँटोनच्या बऱ्याच रंगसूच्या काढून टाकल्या, तेव्हा अनेकांच्या जुन्या फाइलींत रंगाच्या जागी काळं दिसू लागलं. आपल्या तिरंग्याच्या मानकातही, म्हणजे आयएस १ मध्ये, नुसतं ‘केशरी’ लिहून सोडलेलं नाही. १९५१ चं ते मानक १९६८ मध्ये सुधारलं. त्यात रंग आकड्यांत दिलेत आणि कोणत्या प्रकाशात मोजायचे तेही ठरवलंय. तुमच्या ट्रस्टींपैकी कुणी ‘एवढं कशाला?’ म्हणालं, तर हे सांगा.

लेटरहेड, पाकिटं, व्हिजिटिंग कार्ड यांना दोनच रंग असतील तर चार रंगांत छापूच नका. दोन स्पेशल कलर लावा, म्हणजे त्या शेडची आधीच मिसळलेली शाई. प्लेटाही दोनच लागतात. आणि शेड पास करायला स्वतः जा. गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसू शकतो, म्हणून शीट घेऊन दारात या. ओली शीट बघून लगेच मान डोलवू नका. मॅपलिथोवर शाई वाळली की रंग उतरतो. पावसाळ्यात तर आपल्याकडची दमट हवा शाईला वाळूच देत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. मशीनमन घाई करतो, त्याचंही बरोबर आहे, पुढचा जॉब उभा असतो. चहा मागवा. पास केलेल्या शीटवर सही आणि तारीख टाका, एक प्रत त्यांना, एक तुम्हाला. पुढच्या वेळी वाद झाला तर तीच शीट समोर ठेवायची.

फ्लेक्सवाल्याला पँटोन नंबर देऊन काही होत नाही, त्याच्याकडे त्याच चार शाया. त्याला एक पट्टी छापायला सांगा: तुमच्या केशरीच्या आसपासचे आठदहा चौकोन, मजेंटा आणि यलो थोडेथोडे कमीजास्त करून, प्रत्येकाखाली त्याचे आकडे. वाळल्यावर नमुन्याशेजारी उजेडात धरा. जो चौकोन जुळेल त्याचे आकडे त्या दुकानाच्या, त्या मशीनच्या नावावर लिहून ठेवा. दुकान बदललं की पट्टी पुन्हा. मोठा जॉब असेल तर कडेच्या वाया जाणाऱ्या जागेत ही पट्टी सहज मावते. आणि पश्चिमेच्या उन्हात टांगलेला फ्लेक्स फिका पडणारच, त्याला इलाज नाही.

टी-शर्टचं सोपं आहे, स्क्रीन प्रिंटिंगवाला शाई मिसळून देतो. फक्त गडद कापडावर खाली पांढऱ्याचा बेस मारायला सांगा, नाहीतर केशरी तपकिरी होईल. भरतकाम असेल तर दोऱ्याच्या शेडकार्डातला नंबर नोंदवा. कार्यालयाचा पत्र्याचा बोर्ड पावडर कोटिंगचा असेल तर तिथे रॅलचा, म्हणजे पावडर आणि पेंटवाल्यांच्या शेडकार्डाचा नंबर चालतो.

खरा घोळ मात्र फाइलींचा असतो. गणपतीत एखादा कार्यकर्ता व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला लोगो उचलतो, फ्लेक्सवाल्याचा ऑपरेटर तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अंदाजाने परत काढतो, आणि पुढच्या वर्षी तोच ‘ओरिजिनल’ म्हणून फिरतो. म्हणून एकच ड्राइव्ह फोल्डर ठेवा. त्यात छपाईची कर्व्ह केलेली (अक्षरांचे आकार केलेली, म्हणजे फाँट बदलत नाही) पीडीएफ, स्क्रीनसाठी एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतली पीएनजी, आणि सगळे आकडे लिहिलेलं एक पान. लोगो मागणाऱ्याला लिंक पाठवायची, फोटो नाही. पीपीटीच्या थीममध्येही हेच रंग भरून ठेवा, म्हणजे कुणी ड्रॉपरने रंग उचलत बसणार नाही. फोनवर कमीजास्त दिसतं म्हणून मात्र डोकं फोडून घेऊ नका, प्रत्येकाचं डिस्प्ले सेटिंग वेगळं.

जुनी लेटरहेडं फेकू नका, संपेपर्यंत वापरा. खर्च करायचाच तर आधी बोर्ड आणि बॅनर. येणाजाणाऱ्यांच्या नजरेत तेच असतात.