शाश्वत युद्ध, अखंड युद्ध की नुसतंच ‘चालू’ युद्ध?

दादरच्या एका वाचनकट्ट्यावरून प्रश्न आलाय. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’वर बोलताना ‘पर्पेच्युअल वॉर’ला मराठीत काय म्हणायचं यावर तिथे वाद रंगला. कुणी ‘शाश्वत युद्ध’ म्हणालं, कुणी ‘चिरयुद्ध’, कुणी ‘अखंड युद्ध’. यातलं कुठलं बरोबर? आणि ते युद्ध कुणीच जिंकत कसं नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, शब्द त्यावरच ठरणार आहे. १९४९च्या या कादंबरीत जगाचे तीन तुकडे झालेत: ओशनिया, युरेशिया आणि ईस्टेशिया. तिघे इतके तुल्यबळ, की दोघे मिळून तिसऱ्यावर चालून गेले तरी तो बुडत नाही. आणि त्याला बुडवायचं आहेच कुणाला? यंत्रांमुळे माल भरमसाट निघतो. तो घरोघरी पोचला तर लोकांची पोटं भरतील, लोक शिकतील आणि मग वरच्या मंडळींची गरजच काय, असं विचारू लागतील. तेव्हा माल निघायला तर हवा, पण वाटला जायला नको. युद्धात तो बिनबोभाट खपतो. अवाढव्य तरंगता किल्ला बांधायचा, जुना झाला की मोडीत काढायचा, नवा बांधायला घ्यायचा. इकडे चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते ‘वाढवून’ २० केल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी! शत्रू कोण, हे तर अगदीच गौण. द्वेष-सप्ताहात भाषण ऐन भरात असताना वक्त्याच्या हातात चिठ्ठी येते आणि युरेशियाच्या जागी ईस्टेशिया शत्रू होतो. वाक्यसुद्धा तुटत नाही.

म्हणजे हे युद्ध आपोआप लांबलेलं नाही, कुणीतरी ते लांबवतंय. विशेषण हवं ते हा ‘कुणीतरी’ दाखवणारं.

‘शाश्वत’ इथेच बाद होतो. गीतेतला शाश्वत धर्म काय किंवा हल्लीचा शाश्वत विकास काय, शब्द भल्या गोष्टींना चिकटलेला. (‘शाश्वत विकास’च्या चालीवर वाचलं तर मात्र शब्द भलताच चपखल बसतो: जपून, पुरवून पुरवून केलेलं युद्ध!) ‘चिर’ एकतर आशीर्वादात येतो, नाहीतर श्रद्धांजलीत. ‘अखंड’ मला जरा अडवतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्यासाठी पहारे लावलेले असतात. म्हणजे ‘अखंड’ या शब्दात चालत ठेवणं पक्कं आहे. पण त्याबरोबर बुक्क्याचा वासही येतो, त्याला इलाज नाही.

खरी अडचण अशी, की आपले युद्धाचे शब्द शेवट गृहीत धरतात. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची, पावसाळ्याला छावणी करायची, आणि शेवटी तह व्हायचा. युद्धाला हंगाम होता. म्हणून मी ‘बारमाही युद्ध’ सुचवतो. नदी बारमाही, पीक बारमाही, तसं हे युद्ध. पावसाळ्यातल्या छावणीचीही सुट्टी नाही.

१९७१च्या युद्धात आईने गिरगावातल्या चाळीत खिडकीच्या काचांना खळ लावून काळे कागद चिकटवले होते. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ ला संपलं, कागद खरवडून निघाले. त्या युद्धापायी जाहीर झालेली आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. आणीबाणी म्हणजे खरं तर ऐन कसोटीची वेळ. ही वेळ पाच वर्षं टिकली! अर्थात आपली ती लढाई खरी होती, कादंबरीतल्यासारखी राखून ठेवलेली नव्हती. पण निकडीचा शब्द किती ताणता येतो ते यात दिसतं.

कादंबरीतलं बंदी घातलेलं पुस्तक तर पुढे जाऊन म्हणतं, की सतत चालत राहिल्याने युद्ध उरलेलंच नाही, ‘युद्ध’ हा शब्दच आता फसवा आहे. हे मुंबईकराला लगेच पटावं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी आहे. पत्र्यांवर आता वेल चढलाय, शेजारी वडापावची गाडी लागते, आणि काम कधी संपणार असं कुणी विचारत नाही, कारण ते आता काम राहिलेलंच नाही, गल्लीचा पत्ता झालाय.

त्या पाटीवरूनच सुचलं. ‘चालू’ म्हणजे सुरू असलेलं, आणि ‘चालू माणूस’ म्हणजे बेरकी. ऑर्वेलचं युद्ध दोन्ही अर्थांनी चालू आहे. एवढी सोय इंग्रजी शब्दातसुद्धा नाही. भाषांतरात मात्र हा श्लेष हसू आणेल, तिथे ‘बारमाही युद्ध’ लिहा. कट्ट्यावर ‘चालू युद्ध’ म्हणा, दादरला कुणाला फोड करून सांगावी लागणार नाही.