थकलात म्हणजे पाचारण खोटं होतं का?

पाचारण झालेला, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावलेला, सेवक म्हणवून घ्यायचं आणि सकाळी प्रार्थनेला बसायचीही ताकद नाही, याचा अर्थ काय? धुळ्यात समुपदेशन करताना मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसांकडून हाच प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकू येतो. पाळक विचारतात, संडे स्कूल घेणाऱ्या मुली विचारतात, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स विचारतात. बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं: माझा विश्वास कमी पडला, नाहीतर देवाने मला बोलावलंच नव्हतं. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचं माहेर साक्रीकडचं, घरात अहिराणी. सासर नवापूर तालुक्यात. नवरा चार गावांच्या मंडळ्या सांभाळतो, म्हणून ताई पास्टरबाई. पास्टरबाईची नेमणूक कोणी करत नाही, मानधन कोणी देत नाही. पण बुधवारची महिला सभा तिची, संडे स्कूल तिचं, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळचा कार्यक्रम, बाहेरून आलेल्या सेवकांचा स्वयंपाक, सगळं तिचंच. वर दोन मुलं, सासूबाई आणि भाताचं शेत.

"मना जीव थकी गया, ताई," एवढं बोलून त्या रडल्या. मग एकेक बाहेर आलं. मोबाइलवरचे प्रचारक किती छान बोलतात, मला तसं येत नाही. मी बायबल कॉलेजला गेले नाही. म्हाताऱ्या बाया मावचीत, इथल्या आदिवासी बोलीत, प्रार्थना करतात आणि मला इतक्या वर्षांत मावची धड जमत नाही. दिवाळीनंतर सभेला निम्मीसुद्धा माणसं नसतात. माझ्यामुळे मंडळी गळाली. देवाने चुकीच्या बाईला बोलावलं.

मी आधी झोपेचं विचारलं. अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा, आणि चारला उठून प्रार्थना साखळी. आठवड्यातून दोन उपवास. पाळीत रक्तस्राव खूप. जिना चढताना धाप. मग थेट विचारलं, मरणाचे विचार येतात का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, मनात दाबून ठेवलेलं बोलायला वाट मिळते. त्या म्हणाल्या, "रात्री झोपले की सकाळ होऊच नये असं वाटतं." स्वतःला काही करून घेण्याचा विचार मात्र नव्हता, हे नीट विचारून खात्री केली आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान 12 असायला हवं, ताईंचं साडेआठ निघालं. इतकं रक्त कमी असलेलं माणूस बायबलचं वचन वाचायला बसलं तर ओळीवर मन टिकणार कसं? ताई त्याला आत्मिक कोरडेपणा म्हणत होत्या. गोळ्या सुरू झाल्या, रक्तस्रावावर उपचार झाले आणि डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितले. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे मला त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

पवित्र शास्त्र आम्ही उघडलं ते पुढच्या भेटीत, पहिले राजे, अध्याय 19. एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर उतरलेल्या अग्नीची गोष्ट ताई संडे स्कूलमध्ये दरवर्षी शिकवायच्या. त्याच एलीयाचा पुढचा अध्याय मात्र त्यांनी मुलांना कधी सांगितला नव्हता. ईजबेल राणीच्या धमकीने तो जीव घेऊन पळतो, रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. मी माझ्या वाडवडिलांहून काही चांगला नाही, म्हणतो. यावर देव त्याला रागे भरत नाही, उपदेश करत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, ते पुन्हा खाऊ घालायलाच, कारण पुढची वाट लांबची आहे. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. ताईंनी तो भाग दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे झोपणं हे पाप नाही?" विश्वासू माणसांनी हे विचारावं, इतकं आपण त्यांना ताणलं आहे, याचं मला मनापासून दुःख होतं.

थकव्यात एलीयाने जे मागितलं ते देवाने दिलं नाही, हेही मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. सेवा सोडायची का, हा निर्णय शरीर रिकामं असताना घेऊ नये. काहींची जबाबदारी खरोखर बदलते. पद सोडलं म्हणजे प्रभू सोडला असं नाही. पण आधी विसावा, मग निर्णय.

मग गळालेल्या मंडळीकडे वळलो. कोण येत नाही त्यांची नावं ताईंनी लिहिली. जवळजवळ सगळी घरं मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली होती. दरवर्षी जातात, होळीच्या सुमारास परततात. ताईंना हे माहीत नव्हतं असं नाही. खचलेलं मन सगळा हिशेब स्वतःच्या नावावर मांडतं. त्यातल्या एकीला फोन करा, म्हटलं. ती म्हणाली, संध्याकाळी तोड संपली की आमच्या कोपीपुढे, झोपडीपुढे, तीन-चार घरं जमतात, तुम्ही शिकवलेलं गाणं म्हणतो. मी एकटाच उरलो असं एलीयाही म्हणाला होता. बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, हे देवाला त्याला सांगावं लागलं.

बोलता येत नाही ही खंत मोशेचीही होती. निर्गमच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, माझी जीभ जड आहे. देवाने त्याची जीभ सैल केली असं तिथे लिहिलेलं नाही. त्याने मोशेचा भाऊ अहरोन सोबत दिला. करिंथातले लोक प्रेषित पौलालाही नावं ठेवत होते की पत्रं वजनदार, बोलणं मात्र टाकाऊ. त्याच पौलाला प्रभूने म्हटलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." ताईंचा अहरोन सभेतच बसलेला होता: मावचीत सुंदर प्रार्थना करणारी एक आजी. आता ताई वचन वाचतात आणि आजी ते मावचीत समजावते. बाया प्रश्न विचारू लागल्या, पूर्वी नुसत्या ऐकायच्या.

सगळ्यांत अवघड काम होतं कामांच्या वाटणीचं. देवाने तुमच्या मनात घातलेलं काम कोणतं आणि केवळ पास्टरबाई म्हणून अंगावर पडलेलं कोणतं, असं मी विचारलं. मुलांना शिकवणं आणि बायांबरोबर वचन वाचणं, एवढं त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं. दुसरा रकाना पानभर झाला. पुढच्या भेटीला पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया, "लोक काय म्हणतील?" त्यांच्यासमोर इथ्रोचं, मोशेच्या सासऱ्याचं, मोशेला उद्देशून बोलणं ठेवलं: असं एकट्याने केलंस तर तू थकशील आणि तुझ्याबरोबरचे लोकही थकतील. लोकही थकतील, इथे ते थांबले. पाहुण्यांचा स्वयंपाक आता मंडळीतली घरं पाळीपाळीने करतात, नाताळचा कार्यक्रम तरुण संघाकडे गेला. मंडळीच्या एका वडिलांना (एल्डरना) हे अजून रुचलेलं नाही, आणि ताईंना त्यांचं बोलणं लागतं.

ज्यांना ताईंसारखं वाटतंय त्यांना एवढं सांगते. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप उडणं, कशातच मन न लागणं असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतही.

शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं, "थकवा परत आला तर?" येईलच, मी म्हटलं, तेव्हा दोन वर्षं नका थांबू, त्याच आठवड्यात कुणाला तरी सांगा. शेजारच्या गावच्या पास्टरबाईंशी त्यांनी स्वतःहून ठरवलं आहे. सोमवारी दुपारी दोघींचा फोन होतो. मंडळीचं नंतर, आधी एकमेकींचं जेवण आणि झोप विचारायची.