रायटर व्हायला निघालीस, तर

चि.,

एम.ए.च्या एका अंध विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी रायटर म्हणून, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारी म्हणून, नाव दिलंस, हे कळलं. बरं वाटलं. मी स्वतः अंध, दुसऱ्याच्या हातांनी पेपर लिहून बी.ए., एम.ए. झालो आणि पुढे जन्मभर मुलांना शिकवलं. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे काम कसं दिसतं (आमच्या बाबतीत, कसं ऐकू येतं) ते सांगतो.

आधी कागदपत्रं. अर्जात तुला ‘लेखनिक’ म्हणतील. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणू शकत होता, पण मग त्याचं शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी खाली लागायचं; 2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. तू एफ.वाय.ला आणि तो एम.ए.ला, म्हणजे तिथे अडचण नाही. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपराला चार तास बसायचंय, तेव्हा पोटात काहीतरी घालून जा. या गोष्टी बदलत राहतात आणि प्रत्येक परीक्षेचं परिपत्रक वेगळं असतं, म्हणून त्या परीक्षेचा ताजा कागद छापून जवळ ठेव. वर्गावरच्या सरांना नियम माहीत असतीलच, असं धरून चालू नकोस.

परीक्षेआधी त्याला एकदा निवांत भेट. 2018 च्या सूचनांमध्ये लेखनिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मिळाला, तर दोन दिवस आधी भेटू द्यावं असं होतं, ते उगाच नाही. तो किती वेगाने सांगतो, तुझा हात किती वेगाने चालतो, विरामचिन्हं तो सांगणार की तू घालायचीस, मुद्द्यांखाली रेघ मारायची का, हे सगळं त्या दिवशी ठरतं. पेपरात ठरवायला बसलात तर पहिला अर्धा तास गेलाच म्हणून समज.

आता प्रत्यक्ष पेपर. आधी तो पूर्ण वाचून दाखव. गुण, सूचना, ‘कोणतेही तीन सोडवा’, सगळं. पर्याय वाचताना चारही एका सुरात वाच. उत्तर तुला येत असलं की आवाज त्या पर्यायावर नकळत रेंगाळतो, आणि आमचे कान या बाबतीत फार तिखट असतात. ती मदत नव्हे, कॉपीच. आणि तुझं उत्तर चुकीचं असेल तर बिचाऱ्याचे हक्काचे गुणही जातील.

डोळस मुलाला न सांगता कळणाऱ्या दोन गोष्टी आम्हाला मुळीच कळत नाहीत: पान किती भरलं आणि घड्याळात किती वाजले. ‘दीड पान झालं’, ‘पाऊण तास गेला’ असं मधूनमधून सांगत जा. किती वेळाने, ते त्यालाच विचार. वाक्य सांगता सांगता तो थबकला तर ‘काय झालं?’ विचारू नकोस, शेवटची ओळ वाचून दाखव. बहुतेकदा त्याला तेवढंच हवं असतं.

आणि तो जे सांगेल तेच लिही. बी.ए.च्या एका पेपरात मी ‘पडझड’ म्हटलं, तिथे माझ्या रायटरने ‘अधोगती’ लिहिलं. दोन-तीन उत्तरांत स्वतःचं एकेक वाक्यही जोडलं. बाहेर आल्यावर त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलं, ‘तुझी उत्तरं जरा नीट केली.’ माणूस प्रेमळ होता, पण त्या पेपरातले गुण माझे किती आणि त्याचे किती, हे मला आजही सांगता येणार नाही. व्याकरणाच्या पेपरात शुद्धलेखनाला गुण असतील तर शंका येईल तिथे वेलांटी पहिली की दुसरी, हे त्यालाच विचार. ब्रेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे ब्रेल वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. नुसतं ऐकून शिकलेल्याची इथे पंचाईत होते. तरीही सुचवायचं नाही.

परीक्षा संपल्या म्हणून गायब होऊ नकोस. खरी ओढाताण वर्षभर असते. चार जानेवारीला, लुई ब्रेल यांच्या जयंतीला, आणि पंधरा ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिवशी, अंध मुलांच्या वसतिगृहात पाहुण्यांची रीघ लागते. वाढदिवसाचं गोडाधोडाचं जेवण, फोटो, टाळ्या. जेवण चांगलंच असतं, माझी तक्रार नाही. पण जुलैतल्या मंगळवारी अर्थशास्त्राचं प्रकरण वाचून दाखवायला कोणी सापडत नाही.

घरी बसून करण्यासारखं एक मोठं काम आहे. आपल्याकडे मराठी नोट्स अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मिळतात. पडद्यावर त्या छान मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मराठी असतो तो फक्त वरचा आकार. आमचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, आतलं वाचतो, म्हणून आम्हाला निव्वळ खिचडी ऐकू येते. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, आणला की संगणकावरचा एनव्हीडीए, फोनवरचा टॉकबॅक हे स्क्रीन रीडर तो सरळ वाचतात, आणि ही दोन्ही फुकट आहेत. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत अडखळतात, रफार उडवतात. तिथे डोळ्यांनी तपासणारा माणूसच लागतो. वहीच्या पानाचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांनाही जरा समजाव. फोटो म्हणजे आमच्यासाठी कोरं पान.

पुस्तकांचं असं रूपांतर करायला कायद्याची आडकाठी नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अंध वाचकांसाठी सूट आली. अंध वाचकांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, 2014 साली. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण कायद्याने दार उघडलं तरी पानं कुणीतरी बसून तपासावी लागतातच. एखाद्या संस्थेमार्फत हे काम घे, म्हणजे तेच पुस्तक चार ठिकाणी चौघं करत बसणार नाहीत. आपल्याकडे 2008 पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघालं, तेही असंच, कुणीतरी चिकाटीने काम धरून ठेवल्यामुळे.

केंद्रावर जिना चढताना त्याचा दंड पकडून ओढू नकोस. तुझा कोपर पुढे कर, तो धरेल. तू अर्धं पाऊल पुढे राहा आणि जिना वर जातोय की खाली, एवढं सांग. खोलीतून उठून जाताना ‘मी जरा बाहेर जातेय’ म्हण, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो.

पहिला पेपर कोणता ते कळव. इतिहास असला तर सनावळ्या अंकांत लिहायच्या की अक्षरांत, हे भेटीतच विचारून घे. आणि दोन पेनं ने, चार तासांत एक हमखास दगा देतं.

तुझे,
सर